गुणाचा हात

मागच्या आठवड्यात एका सकाळी गॅलरीत चहा पीत उभा असताना बायकोच्या गुलाबाच्या कळीवर मला राख दिसली. शेजारीच तुळस, तुळशीपाशी उदबत्ती. तेव्हा उदबत्तीचीच राख उडून पडली असणार, असा सरळ हिशोब मी केला आणि लहान पोराच्या डोळ्यात गेलेलं कुसळ काढावं तशी अगदी मायेनं फुंकर मारली. राख उडाली. पण राखेसारखी खाली पडली नाही. धुरासारखी वर उठली, कोवळ्या उन्हात जराशी तरंगली आणि ओळीनं मांडलेल्या बाकीच्या कुंड्यांवर सावकाश उतरली. ती राख नव्हती, हे फुंकर तोंडातून सुटताक्षणी मला कळलं होतं. पण सुटलेली फुंकर काही परत ओढून घेता येत नाही. “काय करायलाव तिथं?” बायकोनं आतून विचारलं. “काही नाही,” मी म्हणालो आणि चहा संपवला. पुढं आभाळ आलं, दमट हवा पडली, आणि एकेक कळी तपकिरी होऊन मान टाकत गेली. प्रत्येकीवर तीच करडी लव. मग मला सगळं सांगावंच लागलं. “फुलवाल्याचं घर आहे म्हणून आमच्या वडलांना सांगितलं होतं,” बायको म्हणाली. “आणखी चौकशी करायला पाहिजे होती.”

घर फुलवाल्याचं होतं हे मात्र खरं. सेलूहून वालूरला जाताना अलीकडंच आमचं गाव, आणि गावाच्या खालच्या अंगाला, विहिरीला लागून आमचा शेवंतीचा तुकडा. कडेनं देशी गुलाब, बांधावर गलांडा. हिवाळ्यात आमच्या ओसरीत माणसांना बसायला जागा नसे; ओली गोणपाटं अंथरलेली आणि त्यांवर पिवळ्या-पांढऱ्या शेवंतीचे ढीग. उजाडायच्या आत तोडणी, मग निवडणी, मग टोपल्या बांधून सेलूच्या गाडीला चढवायच्या. माय एका हातानं भाकरी थापायची आणि चुलीपासूनच ओसरीतल्या बायांवर नजर ठेवायची, “ती दबलेली कामून घातलीस टोपल्यात? हाराला न्हाई चालायची, काढ.” थंडीत तुरीच्या ओल्या दाण्यांची आमटी असे, वर तव्यावरचा ठेचा, आणि या सगळ्याला शेवंतीचा कडसर वास. माझ्या डब्यातल्या भाकरीलाही तो यायचा. शाळेत पोरं म्हणत, “ह्याची भाकर खाल्ली की देवळात जाऊन आल्यासारखं वाटतंय.” मी देवासारखाच गप्प बसत असे, कारण भाकरी अर्धी त्यांनीच खाल्लेली असे.

पण आमच्या घराचं नाव फुलांमुळं नव्हतं, अण्णांच्या हातामुळं होतं. अण्णा म्हणजे माझे वडील. सारं गावच त्यांना अण्णा म्हणे. त्यांच्या हाताला गुण आहे, असं लोक मानत. त्यांनी लावलेलं रोप मरत नाही, अडलेली गाय त्यांनी पाठीवर हात फिरवला की मोकळी होते, आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे त्यांनी कालवलेलं औषध लागू पडतं. आमच्याकडं फवाऱ्याला कोणी विष म्हणत नाही, औषधच म्हणतात. आणि औषध म्हटलं की गुण आला, वैद्याचा हात आला. हिवाळ्यात धुई, म्हणजे दाट धुकं पडलं, दोन-चार दिवस आभाळ राहिलं की शेवंतीच्या भरल्या फुलात मधोमध एक डाग पडायचा आणि त्यावर करडी बुरशी चढायची. आम्ही तिला ‘राख’ म्हणत असू. “राख पडली” असं कोणी म्हटलं की ऐकणारा हातातलं काम टाकून आपलं रान बघायला पळायचा. मग ज्याच्या रानात ती पडली तो माणूस सेलूहून औषधाची पुडी घेऊन थेट आमच्या ओसरीत. “अण्णा, तेवढा हात लावा.”

हात लावायचा म्हणजे अक्षरशः लावायचा. अण्णा त्या माणसाच्या रानात जात, बादलीत पाणी घेत, पुडीतली पांढरी पूड पहिली चिमूटभर स्वतः टाकत आणि उजव्या हातानं, कोपरापर्यंत बाही सारून, ढवळत. आज हे लिहिताना माझ्याच अंगावर शहारा येतो. पण तेव्हा हातमोजे फक्त दवाखान्यात असतात अशी आमची समजूत होती. मग पाठीवरचा पंप भरायचा आणि पहिली ओळ अण्णांनी मारायची. दांड्याचा तो खटक-खुळुक, खटक-खुळुक आवाज मला अजून झोपेत ऐकू येतो. या कामाचं ते चहासुद्धा घेत नसत. गुण विकला की जातो, असं त्यांचं म्हणणं. आणि दुसरं म्हणणं असं, की हात लावीन तो त्या एकाच पुडीला. “मपला हात आन ही पुडी, दोघांचं जमतंय. दुसरीला म्या हात लावायचा न्हाई.” त्यामुळं सगळं गाव तीच पुडी आणायचं. तिचं शास्त्रातलं नाव कार्बेन्डाझिम, हे मला पुढं कळलं. सेलूचा दुकानदार तर पुडी मागायच्या आधीच विचारी, “अण्णाची का?” मला भारी अभिमान वाटायचा. परीक्षेला जाताना मीही अण्णांचा हात पेनाला लावून घेत असे. गणितात नापास झालो तेव्हा माय म्हणाली, “पेनाला गुण आला आसंल रे, डोस्क्याला कोन लावला हात?”

मी परभणीला कॉलेजात जायला लागलो त्या हिवाळ्यात हे बिनसलं. तसं थोडं-थोडं आधीपासून बिनसत होतं. आधी एका फवाऱ्यात राख जायची, मग दोन लागायला लागले, मग पुडीचं माप वाढलं. पण कमी-जास्त व्हायचंच, मौसमाचा दोष, असं म्हणून सगळ्यांनी ते मागं टाकलं होतं. त्या वर्षी मार्गशीर्षात धुई बसली ती उठेचना. विहिरीवरची मोटार दिसत नव्हती, नुसता आवाज यायचा. आमच्या शेवंतीवर राख पडली, अण्णांनी हात लावला, फवारा झाला. राख तशीच. पुन्हा फवारा. राख वाढली. फुलाला धक्का लागला की त्यातून धूर निघे. आणि याच दिवसांत नाल्यापलीकडच्या कोंडाबाई काकूंनी अण्णांना बोलावून नेलं. काकू एकट्या, पदरात शेवंतीचा एवढासा तुकडा, आणि दत्तजयंतीला देवळाची सगळी सजावट करायचा शब्द त्यांनी दिलेला. अण्णांनी हात लावला. दत्तजयंतीच्या सकाळी काकूंच्या रानात तोडण्याजोगं एक फूल नव्हतं.

काकू आमच्या दारात आल्या त्या रिकामी टोपली घेऊनच. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या ओसरीच्या पायरीवर बसल्या आणि अण्णांच्या हाताकडं बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, “अण्णा, हाताला काई लागलं का वो? कुटं नको तिथं तर न्हाई लावला?”

माय चुलीपासून उठून बाहेर आली. “कोंडाबाई, तोंडाला येईल ते बोलू नका.”

“म्या कुटं बोलायले? इचारायले. गुण व्हता, आता न्हाई. कुटं गेला मंग?”

अण्णांनी उजवा हात हळूच उपरण्याखाली घेतला.

तो हात पुढं किती तरी दिवस बाहेर आला नाही. हे सांगायला सोपं आहे, बघायला फार अवघड होतं. अण्णा जेवायला बसत तेवढाच तो दिसे. जेवण झालं की परत काखेत. गोठ्यात गेले तर डाव्या हातानं वैरण टाकत. शेवंतीच्या तुकड्यात जाईनात. मी समजूत घालायला गेलो. कॉलेजात जात होतो, म्हणजे मला जगातलं सगळं कळत होतं. मी त्यांना अंधश्रद्धेवर छोटंसं भाषण दिलं. त्यांनी ते पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाले, “गुण मानला तवा तू काई म्हनला न्हाईस.” पेनाची गोष्ट आम्हा दोघांनाही आठवत होती.

अशात आक्का बाळंतपणाला आली. आक्का माझी थोरली बहीण, मानवतकडं दिलेली. पहिलटकरीण. तिला मुलगी झाली, सुखरूप झाली, घरात शेपूचा आणि डिंकाचा वास भरला. आमच्याकडं रीत अशी, की पहिल्या आंघोळीनंतर आज्यानं नातवंडाला मांडीवर घेऊन मधाचं बोट लावायचं. अण्णा दारापर्यंत आले आणि थांबले. आक्कानं बाळ पुढं केलं. “घ्या की अण्णा.”

“तुझ्या मायकडं दे.”

“रीत तुमची हाय.”

“माझा हात नको,” अण्णा म्हणाले. “म्या लावला की राख पडायलीय.”

आक्काच्या चेहऱ्यावर जे आलं ते मला लिहिता येणार नाही. तिनं बाळ छातीशी ओढलं आणि तोंड भिंतीकडं केलं. अण्णांनी बाळाला जवळ घेतलं नाही म्हणून ती रडली, की क्षणभर तिलाही भीती वाटली म्हणून, हे मी तिला आजवर विचारलेलं नाही. माय तिच्या पाठीवर हात फिरवत राहिली आणि मला म्हणाली, “तू एवढा परभनीला जातोस. तिथं शेतीचं शिकवत्यात म्हनं. इचार की कुनाला, ह्यो हाताचा दोष हाय का कशाचा. तुझ्या त्या पुस्तकाचा काईतरी उपेग होऊ दे.”

माझी पुस्तकं मराठी साहित्याची होती, पण मी गेलो. शेतकी कॉलेजात पिकांच्या रोगांचा अभ्यास करणाऱ्या एक मॅडम भेटल्या. मी डब्यातून नेलेली फुलं झाकण उघडून झटकायला लागलो, तशा त्या ओरडल्याच, “अहो, झटकू नका! सगळ्या खोलीत पसरवाल.” (म्हणजे गॅलरीतली फुंकर ही माझी या विषयातली पहिली कामगिरी नव्हे.) त्यांनी बारीक चौकशी केली. पुडी कोणती, किती वर्षं, किती वेळा, दुसरं काही मारता का. मग म्हणाल्या, “जिथं हे औषध कधीच मारलेलं नाही, अशा ठिकाणचं असंच बुरशी आलेलं फूल मिळेल का?” आक्काच्या सासरी अंगणात एक गुलाब होता, त्याला आयुष्यात पाण्याखेरीज काही मिळालेलं नव्हतं. दाजींनी त्याच्या करड्या पडलेल्या कळ्या आणून दिल्या. “पुढच्या वेळी वडलांना घेऊन या,” मॅडम म्हणाल्या. “त्यांना डोळ्यानं बघू दे.”

अण्णा यायला तयार नव्हते. मायनं त्यांचं धुतलेलं धोतर पुढ्यात ठेवलं आणि म्हणाली, “जाऊन या. हात काखंत घालूनच जा, पर जा.” ते तसेच गेले. गाडीत दांड्याला डाव्या हातानं धरून.

मॅडमनी टेबलावर काचेच्या उथळ बशा मांडल्या होत्या. सगळ्यांत बुरशीला आवडणारं खाणं घातलेलं. काहींत त्यात आमची पुडी मिसळलेली. आधी त्यांनी आक्काच्या गुलाबावरची बुरशी दाखवली. साध्या बशीत ती वाढली होती. पुडीच्या बशीत ठिपकाभरही नव्हती, बशी स्वच्छ. मग त्यांनी आमच्या शेवंतीवरची दाखवली. साध्या बशीत करडी, दाट. आणि पुडीच्या बशीतही करडी, दाट. दोन्हींत काही फरक नव्हता. आमच्या पुडीवर ती अशी पसरली होती, जशी काही तिच्यासाठीच गादी घातली होती.

अण्णा वाकून बघत राहिले.

“हिच्यात प्रतिकारक्षमता आलीय,” मॅडम म्हणाल्या.

“चांगलं झालं की मंग,” अण्णा म्हणाले. प्रतिकारशक्ती वाढावी म्हणून आक्काला डॉक्टरनं गोळ्या दिल्या होत्या, तेवढीच त्यांना त्या शब्दाची ओळख.

“तुमच्या शेवंतीत नाही हो, बुरशीत. बुरशीला औषध लागू पडेना.”

अण्णांनी जरा विचार केला. “म्हंजी सोकावली.” आणि मग त्यांनी वानरांची गोष्ट सांगितली. आमच्या हरभऱ्यात वानरं यायची म्हणून अण्णा पत्र्याचा डबा वाजवायचे. आधी पळायची, मग नुसती मान वळवायची. शेवटी एक थोराड वानर डब्याशेजारीच येऊन बसायला लागलं.

मॅडम हसल्या. “तसंच, पण थोडं वेगळं. वानर शिकतं. ही शिकली नाही. लाखोंत एखादी मूळचीच अशी असते, जिला तुमच्या पुडीनं काही होत नाही. बाकीच्या मेल्या, ती उरली. पुन्हा तीच पुडी मारली, पुन्हा तीच उरली. आता रानात आहे ते सगळं तिचंच खानदान. वेगवेगळी औषधं आलटून पालटून मारली असती, तर इतक्या लवकर झालं नसतं.”

“मंग ह्यात हाताचा काई…” अण्णा म्हणाले.

“हाताचा काय संबंध? कोणीही कालवलं असतं तरी हेच झालं असतं. आणि आधी लागू पडायचं तेही कोणी कालवलं असतं तरी पडलंच असतं.”

मॅडमनी हे सुटका करायला म्हटलं होतं, आणि मलाही तेव्हा सुटल्यासारखंच वाटलं. मी तर विजयानं अण्णांकडं पाहिलं. त्यांचा चेहरा बघून माझं हसू जिथल्या तिथं राहिलं. पुढं मॅडम कामाचं बोलल्या: संध्याकाळी पाणी देऊ नका, रोपं दाट लावू नका, रोगट फूल झटकू नका, पिशवीत धरून तोडा आणि लांब नेऊन पुरा. अण्णा मान हलवत होते. निघताना त्यांनी एवढंच विचारलं, “सगळ्या गावानं एकच पुडी मारली, म्हनून लौकर झालं?”

“हो,” मॅडम म्हणाल्या. ती पुडी सगळं गाव का मारत होतं, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

परतीच्या गाडीत अण्णा खिडकीशी बसले. उजवा हात बाहेर होता, गुडघ्यावर पालथा. गाडी परभणीबाहेर पडल्यावर ते म्हणाले, “दोष गेला.” मी म्हणालो, “गेलाच की!” ते म्हणाले, “गुनबी गेला.” मला काहीतरी बोलायचं होतं. साहित्याचा विद्यार्थी होतो. गुण आणि दोष यांच्यावर मी पानंच्या पानं लिहिली होती. सेलू येईपर्यंत मी हातातल्या तिकिटाच्या घड्या घालत बसलो.

घरी मायला मी सगळं सांगितलं. बशा, वानर, खानदान. तिनं शांतपणे ऐकलं. “बरं झालं,” ती म्हणाली. “आता नुसता हात ऱ्हायला. भाकर खायाला आन नात घ्यायाला नुसता हात पुरतोय.” आणि आतून बाळ आणून तिनं अण्णांच्या पुढ्यात धरलं. अण्णा उठले. रांजणापाशी गेले, हात धुतले, धोतराला पुसले, पुन्हा धुतले, पुन्हा पुसले. मग मांडी घालून बसले आणि बाळ घेतलं. मधाचं बोट त्यांनी इतकं जपून, लांबूनच पुढं केलं, की मध बाळाच्या नाकाला लागला. आक्का हसली. त्या हिवाळ्यातलं ते आमच्या घरातलं पहिलं हसू.

पुढच्या वर्षी अण्णांनी शेवंती विरळ लावली. रोगट फुलं पिशवीत धरून तोडायचं काम ते स्वतः करत. पुडी बदलली, तीही दर फवाऱ्याला. राख पुरती गेली नाही, अशा गोष्टी पुरत्या जात नसतात. पण टोपल्या भरायला लागल्या. धुई पडल्यावर एक दिवस कोंडाबाई काकू आल्या, हातात नवी पुडी. “अण्णा, पहिली चिमट टाका.”

“कोंडाबाई, हातात काई नसतंय. पुडीतच आसतंय, आन तेबी बदलत ऱ्हावं लागतंय.”

“पुडी बदललीय की. हात कामून बदलू?”

अण्णा गेले. चिमूट टाकली, पण या वेळी काठीनं ढवळलं. त्यानंतरही लोक बोलवत राहिले आणि अण्णा जात राहिले. मात्र ‘गुण’ हा शब्द मी त्यांच्या तोंडून पुन्हा ऐकला नाही. लोकांना वाटलं, सगळं पहिल्यासारखं झालं. मलाही तसंच वाटलं. अण्णांना जाऊन आता बरीच वर्षं झाली, आणि मी घरात ही गोष्ट नेहमी वानराच्या जागेवर हशा घेऊन संपवत आलो.

या खेपेला मात्र ती मला पुरी सांगावी लागली, कारण बायको कुंड्यांपाशी बसून एकेक करडी कळी कागदी पिशवीत धरून कापत होती आणि मला पिशवी धरायला बसवलं होतं, तोंड बंद ठेवायच्या अटीवर. गोष्ट सांगायची म्हणून ती अट तिनं सैल केली, पण तोंड दुसरीकडं करायला लावलं. त्यामुळं मी सगळं भिंतीकडं बघून सांगितलं. मधाचं बोट झालं, काकूंची चिमूट झाली, गोष्ट संपली. हशा आला नाही. कात्रीचा आवाजही थांबला होता. मी वळून पाहिलं, तर ती कापलेली कळी हातात धरून तशीच बसली होती.

“मामंजी माझ्या डोक्यावर हात ठेवायच्या आधी दर वेळी तो धोतराला पुसायचे,” ती म्हणाली. “मला वाटायचं, माती लागू नये म्हणून.”